प्रबोधनकाळातील वुडकट चित्रांतली प्राचीन युद्धे कशी वाचावीत

पंधराव्या-सोळाव्या शतकांत युरोपात लाकडी ठशांवरून छापलेली ग्रीक, रोमन आणि बायबलमधील युद्धांची चित्रे पहिल्यांदाच पाहणारा माणूस हमखास गोंधळतो. इजिप्तच्या फेरोचे सैनिक पोलादी चिलखतांत दिसतात, रोमन पायदळ जर्मन भाडोत्री शिपायांसारखे चिरे पाडलेले फुगीर कपडे घालून उभे असते आणि पुराणकाळातल्या शत्रूंच्या डोक्यांवर तुर्की धाटणीची पागोटी असतात. अशा वेळी चित्रकाराला इतिहासाचे ज्ञान नव्हते असे म्हणून पान उलटण्याचा मोह होतो. परंतु हा निष्कर्ष बहुतेक वेळा उतावळा ठरतो. कधी चित्रकाराला खरोखरच माहिती नसते, कधी त्याने जाणूनबुजून आपल्या काळाचा पोशाख चढवलेला असतो, तर कधी छापखान्याच्या मालकाने पैसे वाचवण्यासाठी दुसऱ्याच प्रसंगाचा ठसा तेथे वापरलेला असतो. समोरच्या चित्रात यांपैकी काय घडले आहे हे नवख्या वाचकाला स्वतः ठरवता यावे, एवढ्यासाठी पुढील पायऱ्या दिल्या आहेत.

पहिली पायरी: चित्र वुडकटच आहे याची खात्री करा

वुडकटमध्ये लाकडाच्या सपाट फळीवर चित्र रेखाटतात आणि जेथे कागद पांढरा राहायला हवा तेथील लाकूड सुरीने व पटाशीने काढून टाकतात. उरलेल्या उंच रेषांवर शाई लागते व तीच कागदावर उमटते. फळी बहुधा नासपती किंवा तत्सम घट्ट पोताच्या झाडाची असे आणि ती धाग्याच्या दिशेने कापलेली असे. ठसा मजकुराच्या अक्षरांच्या धातूच्या खिळ्यांएवढ्या उंचीचा केला की मजकूर आणि चित्र एकाच दाबयंत्रावर एकाच वेळी छापता येत असे. ग्रंथांतली युद्धचित्रे सुरुवातीच्या काळात मुख्यतः वुडकटच का असत, याचे उत्तर या साध्या सोयीत आहे.

तांब्याच्या पत्र्यावरच्या कोरीव कामात नेमके उलटे घडते. तेथे शाई खाचेत भरते, रेषा निमुळत्या टोकाची येते आणि पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर चौकटीसारखा उमटतो. वुडकटची रेषा अधिक जाड आणि सारख्या जोमाची असते. ओळख पटवण्याची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या छायारेषा. तांब्यावर त्या दोन फटकाऱ्यांत काढता येतात. लाकडावर मात्र रेषांमधला प्रत्येक इवलासा पांढरा चौकोन वेगळा कोरून काढावा लागतो, म्हणून भिंग लावून पाहिल्यास या चौकोनांचे कोपरे किंचित वेडेवाकडे दिसतात.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण या विषयावरील कित्येक नामांकित चित्रे वुडकट नाहीत. इटालियन वास्तुविशारद पाल्लादिओने १५७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सीझरच्या ग्रंथातील लढायांची चित्रे तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली आहेत. इटालियन चित्रकार पोलायुओलोने काढलेली नग्न पुरुषांची लढाईही तांब्यावरचीच आहे. मात्र योहानेस नावाच्या फ्रँकफर्टच्या कारागिराने तिची लाकडी नक्कल केली होती. ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहिली की माध्यमातला फरक एका बैठकीत ध्यानात येतो, आणि नवख्या माणसाने सरावाची सुरुवात येथूनच करावी असे मला वाटते.

दुसरी पायरी: प्रसंग कोणत्या ग्रंथातला आहे ते शोधा

युद्धाचे वुडकट बहुधा एखाद्या मजकुराला धरून काढलेले असते. लिव्हीचा रोमचा इतिहास, सीझरची गॉलमधील युद्धांची हकीकत, व्हर्जिलचे महाकाव्य, जोसेफसने लिहिलेला ज्यूंचा इतिहास, प्लुटार्कची चरित्रे आणि बायबलचा जुना करार एवढी नावे हाताशी असली तरी बरीच चित्रे ओळखता येतात. स्ट्रासबुर्गच्या योहान ग्र्यूनिंगरने १५०२ मध्ये सेबास्टियान ब्रांटच्या संपादनाखाली व्हर्जिलचे जे सचित्र ग्रंथ छापले, त्यांतील दोनशेहून अधिक वुडकटांत पात्रांच्या शेजारीच त्यांची नावे कोरलेली आहेत. विद्वानाने मजकूर वाचावा आणि न शिकलेल्यानेही चित्रांच्या आधारे कथा समजून घ्यावी, असा ब्रांटचा स्पष्ट हेतू होता. त्यामुळे महाकाव्याचा नायक इनियस कोणता आणि त्याचा शत्रू कोणता हा प्रश्न तेथे पडतच नाही. नावे नसतील तेव्हा पानावरचे प्रकरणाचे शीर्षक वाचावे; चित्र तेवढे कापून जालावर चढवलेले असेल तर त्यावर विसंबू नये आणि मूळ पुस्तकाचे पूर्ण पान मिळवावे.

तिसरी पायरी: हत्यारे, घोडे आणि निशाणे तपासा

येथे घाई करू नये. चित्र एकदम सगळे पाहण्याऐवजी एका सैनिकापासून सुरुवात करावी आणि डोक्यापासून पायांपर्यंत त्याच्या अंगावरची प्रत्येक वस्तू टिपून ठेवावी.

घोडेस्वार दिसला तर आधी त्याची पावले पाहावीत. ग्रीक आणि रोमन स्वारांना रिकीब ठाऊक नव्हती. ती युरोपात मध्ययुगाच्या आरंभीच्या शतकांत आली. सोळाव्या शतकातल्या चित्रकाराला मात्र रिकिबीवाचून घोड्यावर बसणारा माणूस रोज दिसत नसे, म्हणून वर रोमन शिरस्त्राण आणि खाली रिकीब अशी जोडगोळी वारंवार आढळते. एरवी अतिशय अभ्यासू वाटणाऱ्या चित्राची परीक्षाही या एका तपशिलावर होते.

तोफ दिसली तर शंकाच उरत नाही, कारण युरोपात तोफा चौदाव्या शतकात आल्या. अंगभर पत्र्याचे सांधेदार चिलखत हेही मध्ययुगाच्या उत्तरार्धातले आहे. त्याउलट छातीच्या स्नायूंच्या आकारात घडवलेले उरस्त्राण, पुढे वळवलेली आयताकृती मोठी ढाल, आखूड तलवार आणि आडव्या दांड्यावर टांगलेले चौकोनी निशाण हे सारे चित्रकाराने रोमन अवशेष पाहिल्याचे किंवा ज्याने पाहिले त्याचे चित्र पाहिल्याचे लक्षण आहे. त्यातही एक खोच आहे. स्नायूंचे उरस्त्राण रोमन शिल्पांत सम्राट आणि सेनापती यांच्या अंगावर असते; चित्रकारांना ते इतके आवडले की त्यांनी साध्या शिपायांनाही ते सर्रास घालून टाकले.

काही गोष्टी चुकीच्या वाटतात, पण तशा नसतात. धनुष्य दांड्यावर आडवे बसवलेले यांत्रिक हत्यार पाहून ते मध्ययुगीन आहे असे ठामपणे म्हणू नये, कारण तशा तत्त्वावर चालणारी हत्यारे ग्रीकांनी आणि रोमनांनीही वापरली होती. तसेच रोमन पायदळाच्या साध्या सैनिकाची तलवार उजव्या कमरेला लटकत असे. म्यान उजवीकडे दिसले म्हणून चित्र उलटे छापले गेले आहे असे समजण्याची गरज नाही.

रोमचे शत्रू हॅनिबल किंवा पिऱ्हस यांच्या लढायांत हत्ती येतात आणि तेथे चित्रकाराची खरी पंचाईत होते, कारण बहुतेकांनी तो प्राणी पाहिलेला नसे. सोंड कर्ण्यासारखी, पाय खांबासारखे आणि पाठीवर दगडी बुरूज शोभावा एवढा मनोरा, असा प्रकार सापडला तर तो जुन्या हस्तलिखितांतून उतरला आहे असे समजावे. ऐकीव माहितीवर चित्र कसे तयार होते याचे गोव्याशी जोडलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना भेट दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने निघून मे १५१५ मध्ये लिस्बनला पोहोचला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्युररने तो कधीच पाहिला नाही; वर्णन आणि एक रेखाटन यांवरून त्याने वुडकट तयार केले आणि त्या प्राण्याच्या कातडीला लोहाराने ठोकून बसवल्यासारखे चिलखताचे रूप दिले. त्या वुडकटमध्ये चित्राच्या वर छापलेल्या मजकुरात गेंडा हा हत्तीचा वैरी असल्याचे जे सांगितले आहे, तेही प्राचीन रोमन लेखनातून आलेले आहे.

चौथी पायरी: चित्रकाराच्या हाताशी कोणता आधार होता हे विचारा

प्राचीन युद्धाची माहिती त्या काळी तीन वाटांनी येत असे: ग्रंथांतली वर्णने, रोममध्ये उभे असलेले अवशेष आणि नाणी, आणि आधी छापली गेलेली इतरांची चित्रे. कोणता आधार कोणाच्या वाट्याला आला, यावर चित्राचे रूप ठरते.

रोबेर्तो वाल्तुरिओचा युद्धशास्त्रावरील ग्रंथ वेरोनात १४७२ मध्ये छापला गेला आणि यंत्रांची चित्रे असलेला पहिला मुद्रित ग्रंथ म्हणून तो ओळखला जातो. वाल्तुरिओ हा रिमिनीचा अधिपती सिजिस्मोंदो मालातेस्ता याच्या दरबारी होता. त्याने प्राचीन लेखकांची वचने गोळा केली, पण चित्रांत मात्र कोयते लावलेले रथ, धडक मारण्याचे ओंडके आणि वेढ्याचे मनोरे यांच्या बरोबरीने आपल्या काळच्या तोफाही दाखवल्या. त्याच्या दृष्टीने प्राचीन आणि समकालीन युद्धविद्या ही एकच विद्या होती. अजगराच्या आकाराचे वेढ्याचे यंत्र पाहून हसू येते; परंतु या ग्रंथाची प्रत लिओनार्दो दा विंचीने बाळगली होती आणि त्यातली चित्रे पुढे युद्धशास्त्रावर लिहिणाऱ्या व्हेजेशियस या रोमन लेखकाच्या जर्मन भाषांतरासाठीही उचलली गेली, हे लक्षात ठेवावे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने १५१३ मध्ये छापलेला सीझरचा ग्रंथ आहे. त्यातील चित्रांमागे फ्रा जोकोंदो हा वास्तुविशारद होता. सीझरने इ. स. पू. ५५ मध्ये ऱ्हाइन नदीवर दहा दिवसांत लाकडी पूल बांधला आणि त्याचे वर्णन स्वतः लिहून ठेवले: दीड फूट जाडीचे खांब दोन-दोनांच्या जोडीने, परस्परांपासून दोन फूट अंतरावर, सरळ न रोवता प्रवाहाच्या दिशेने कलते ठोकले, चाळीस फुटांवर खालच्या अंगाला तशीच जोडी प्रवाहाच्या विरुद्ध कलती ठोकली, आणि दोन्ही जोड्यांमध्ये दोन फूट जाडीची तुळई बसवली. हे शब्द नुसते वाचून पूल डोळ्यांसमोर उभा राहत नाही. जोकोंदोने स्वतः पॅरिसमध्ये पुलाचे काम केलेले होते, त्यामुळे त्याने हा उतारा बांधकामाच्या सूचना समजून वाचला आणि वुडकटमध्ये सांधेसुद्धा सोडवून दाखवले. येथे लढाईचा धुरळा नाही, मरणारी माणसे नाहीत. तरीही प्राचीन युद्धाच्या चित्रणात मला हे पान फार मोलाचे वाटते, कारण त्यात चित्र हेच मजकुराचे स्पष्टीकरण झाले आहे. त्याच पुस्तकात आलेसियाच्या वेढ्याचेही चित्र आहे. रोमनांनी शहराभोवती एक तटबंदी आणि बाहेरून येणाऱ्या कुमकेविरुद्ध दुसरी तटबंदी कशी उभारली, हे मजकुरापेक्षा त्यात चटकन कळते.

अवशेषांच्या वाटेने जायचे तर रोममधील ट्राजानच्या स्तंभाला पर्याय नाही. इ. स. ११३ मध्ये पूर्ण झालेल्या या स्तंभावर डेशियातील (आजच्या रोमानियाच्या भागातील) दोन मोहिमा वर चढत जाणाऱ्या पट्ट्यात कोरलेल्या आहेत. ल्योंचा प्राचीनवस्तूंचा अभ्यासक गियोम द्यू शूल याने १५५५ मध्ये रोमन छावणी आणि लष्करी शिस्त यांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याची वुडकट चित्रे या स्तंभावरील सैनिकांवर आधारलेली आहेत. आडव्या पट्ट्यांचे चिलखत, बाणांचे प्रकार, निशाणधाऱ्यांनी पांघरलेली प्राण्यांची कातडी असे तपशील वुडकटमध्ये दिसले की मूळ आधार हाच स्तंभ असण्याची शक्यता प्रथम तपासावी.

तिसरी वाट विजययात्रेच्या चित्रांत स्पष्ट दिसते. इटालियन चित्रकार मांतेन्याने मांतुआच्या गोंझागा घराण्यासाठी सीझरच्या विजययात्रेची नऊ भव्य चित्रे रंगवली. विजययात्रेचा विषय व्हेनिसमध्ये स्ट्रासबुर्गच्या याकोबने १५०४ च्या सुमारास बारा वुडकटांत मांडला, आणि मांतेन्याची ती चित्रे आंद्रेआ आंद्रेआनीने १५९९ मध्ये अनेक ठशांच्या रंगीत वुडकटांत उतरवली. लुटीची हत्यारे, शिंगे आणि भाल्यांवर टांगलेली चिलखते यांचे ढीग तेथे पाहायला मिळतात. चित्रकारांनी पुढे रोमन शस्त्रांसाठी अशा ढिगांतून हवे ते उचलले.

पाचवी पायरी: ठशाची कुंडली मांडा

चांगला ठसा कोरायला वेळ आणि पैसा लागे, म्हणून छापखाने तो पुन्हा पुन्हा वापरत. न्यूरेंबर्गमध्ये आंटोन कोबेर्गरने १४९३ मध्ये छापलेल्या शेडेलच्या जगाच्या इतिहासात १८०९ चित्रे आहेत, परंतु त्यांसाठी ६४५ ठसेच पुरले. माइन्झ म्हणून दाखवलेले शहर काही पानांनंतर नेपल्स म्हणूनही येते. युद्धचित्रांतही हाच प्रकार आहे. एकाच पुस्तकात दोन वेगळ्या वेढ्यांना एकच चित्र असेल तर त्यातील तटाचा आकार किंवा बुरुजांची संख्या यांवरून ऐतिहासिक अर्थ काढणे व्यर्थ आहे. ग्र्यूनिंगरचे व्हर्जिलचे ठसे १५१५ मध्ये मुर्नरच्या जर्मन भाषांतरासाठी आणि १५१७ मध्ये ल्योंमधील आवृत्तीसाठीही वापरले गेले. म्हणून पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे साल हे चित्राचे साल धरू नये. आधीच्या पंधरा-वीस वर्षांतल्या आवृत्त्या चाळाव्यात.

ठशाचे वय कागदावरही उमटते. किडीने पाडलेली भोके छापात पांढऱ्या गोल ठिपक्यांसारखी दिसतात, चौकटीची रेषा ठिकठिकाणी तुटते आणि लाकूड तडकले की चित्रभर एक पांढरी रेघ पसरते. दोन प्रतींपैकी एकीत ही लक्षणे असतील आणि दुसरीत नसतील, तर दुसरी आधी छापली गेली असे सहसा धरता येते.

सहावी पायरी: काढणारा आणि कोरणारा वेगळे करा

योस्ट आमानने १५६८ मध्ये फ्रँकफर्टमधून निघालेल्या व्यवसायांच्या सचित्र पुस्तकात रेखाटन करणारा आणि ठसा कोरणारा यांना दोन वेगळी पाने दिली आहेत, ते योग्यच आहे. चित्राच्या कोपऱ्यातली आद्याक्षरे बहुधा रेखाटणाऱ्याची असतात; शेजारी बारीक सुरी काढलेली असेल तर ती कोरणाऱ्याची असू शकतात. मात्र स्वित्झर्लंडमधल्या काही चित्रकारांनी आपल्या सहीतच खंजीर घातला होता, त्यामुळे एकट्या सुरीवरून निर्णय देऊ नये.

ठशावरचे चित्र कागदावर उलटे उमटते. चित्रातले सगळेच योद्धे डाव्या हाताने तलवार चालवत असतील, तर कोणीतरी आधीचे छापील चित्र जसेच्या तसे फळीवर उतरवून कोरले असावे. मूळ चित्र शोधण्याचा हा फार उपयोगी धागा आहे.

सातवी पायरी: एक चित्र पूर्ण वाचून पाहा

आता वरील सारे एकत्र वापरण्यासाठी व्हेनिसचा चित्रकार तिशियन याचे फेरोच्या सैन्याचे तांबड्या समुद्रातील बुडणे हे वुडकट घ्यावे. बायबलच्या कथेत समुद्र दुभंगून मोझेसच्या लोकांना वाट देतो आणि त्यांचा पाठलाग करणाऱ्या इजिप्तच्या राजाच्या, म्हणजे फेरोच्या, सैन्यावर पुन्हा मिटतो. ते बारा ठशांवरून बारा कागदांवर छापून जोडलेले असून सुमारे सव्वा मीटर उंच आणि सव्वादोन मीटर रुंद आहे. आपल्याला माहीत असलेली आवृत्ती दोमेनिको दाल्ले ग्रेके याने व्हेनिसमध्ये १५४९ मध्ये काढली, पण रचना १५१५ च्या सुमाराची मानली जाते. येथे पाचव्या पायरीतला नियम प्रत्यक्ष कामाला येतो, कारण छापलेले साल आणि चित्राचा जन्म यांत तीसहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

उजवीकडे किनाऱ्यावर मोझेस आणि त्याचे लोक आहेत. मधला आणि डावीकडचा अफाट भाग पाण्याने व्यापला आहे. लाटा समांतर, लांबलचक, वळत जाणाऱ्या रेषांनी कोरल्या आहेत आणि त्यांतून भाल्यांची टोके, घोड्यांच्या माना आणि शिरस्त्राणे वर आलेली आहेत. ती चिलखते इजिप्तची मुळीच नाहीत. ती सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या युरोपीय सैन्याची आहेत. तिशियनच्या हाताशी प्राचीन शिल्पांची माहिती होती, त्यामुळे हे अज्ञान मानता येत नाही. ठसे याच चित्रासाठी कोरलेले असल्याने काटकसरीचाही प्रश्न नाही. मग उरतो हेतू. व्हेनिसविरुद्ध १५०८ मध्ये युरोपातील मोठ्या सत्तांनी एकजूट केली होती आणि मे १५०९ मध्ये आन्यादेल्लोच्या लढाईत तिच्या सैन्याचा फ्रेंचांनी धुव्वा उडवला. तरीही खाडीच्या पाण्याने वेढलेले शहर शत्रूच्या हाती पडले नाही. पाण्याने तारलेली प्रजा आणि पाण्यातच बुडालेले चिलखती सैन्य यांचा अर्थ त्या काळच्या व्हेनिसकराला समजावून सांगावा लागला नसेल, असे अनेक कलेतिहासकार मानतात आणि मलाही तेच पटते. पुढच्या बाजूला एक कुत्रा विष्ठा टाकताना दाखवला आहे; पराभूत शत्रूविषयीची भावना इतक्या उघडपणे मांडणारा तपशील धर्मग्रंथातल्या प्रसंगात क्वचितच सापडतो.

आठवी पायरी: सराव कोठे आणि कसा करावा

लंडनचे ब्रिटिश म्युझियम, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि ॲम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम यांच्या संकेतस्थळांवर छापचित्रे मोठ्या आकारात पाहता येतात. पुस्तकांची संपूर्ण पाने हवी असतील तर म्युनिकचे बव्हेरियन राज्य ग्रंथालय आणि हायडेलबर्ग विद्यापीठाचे ग्रंथालय यांचे डिजिटल संग्रह अधिक कामाचे आहेत. शोध घेताना शहरांची व माणसांची लॅटिन आणि जर्मन रूपेही टाकून पाहावीत. संग्रहालयांच्या नोंदींत बार्ट्श या नावापुढे क्रमांक दिलेला आढळतो. व्हिएन्नाच्या आडाम बार्ट्शने १८०३ पासून प्रसिद्ध केलेल्या सूचीतला तो क्रमांक असतो आणि एकाच चित्राच्या निरनिराळ्या प्रती जुळवायला तो फार उपयोगी पडतो.

पहिल्या अभ्यासासाठी लिव्हीच्या दोन आवृत्त्या निवडाव्यात: योस्ट आमानच्या चित्रांची फ्रँकफर्टमधील १५६८ ची आणि टोबियास श्टिमरच्या चित्रांची स्ट्रासबुर्गमधील १५७४ ची. दोन्हींतून एकच लढाई काढावी आणि वहीत दोन रकाने करून ग्रंथ, साल, ठिकाण, रेखाटणारा, रिकीब, चिलखत, ढाल, निशाण, उलटेपणा आणि ठशाची झीज या क्रमाने नोंदी कराव्यात. एखाद्या रकान्यात लिहिण्यासारखे काही सापडले नाही तर तो कोरा ठेवावा. अंदाजाने भरू नये, कारण पुढे तिसरी आवृत्ती हाती आल्यावर नेमक्या त्याच कोऱ्या जागी काय शोधायचे ते ठाऊक असते.